खोडव्याला वेगळा क्लास कशाला?

सकाळी ६.३०

आज संध्याकाळी आमच्या लायब्ररीतली नावं कायम होणार, म्हणून सकाळचा चहा यादी समोर घेऊनच झाला. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. उसाची नोंद, क्षेत्र, वाण, तोडणीचा क्रम, काट्यावरचं वजन, बिल असा सगळा हिशेब ठेवणारा तो तयार कोड आहे. साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारे प्रोग्रामर तो आपल्या कामात जोडून घेतात. त्यात प्रत्येक वस्तूचा एक साचा असतो, त्याला क्लास म्हणतात, आणि प्रत्येक क्लासला नाव लागतं. आवृत्ती ०.९ असेपर्यंत नाव बदललं तरी चालतं, सगळ्यांना तशी कल्पना दिलेली असते. १.० बाहेर पडली की नाव म्हणजे दिलेला शब्द. तो फिरवला तर कुणाचा तरी प्रोग्राम ऐन गाळपात, काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना बंद पडतो.

ऑक्टोबर संपत आलाय. पूर्वहंगामी लागणी चालू आहेत आणि गाळपाला फार दिवस उरलेले नाहीत. नावं ठरवायची ती आजच.

माझा कोड वापरणारा माणूस मला बहुधा कधीच भेटणार नाही. माहितीपत्रक आम्ही मन लावून लिहिलंय, पण ते तो अडल्यावरच उघडेल. एरवी तो एडिटरमध्ये दोन-तीन अक्षरं टाइप करतो, खाली यादी उघडते, आणि त्यातलं बरं दिसेल ते उचलतो. तेवढ्या वेळात आमच्याकडून त्याच्यापर्यंत जातं ते फक्त नाव. आमच्या यादीत मात्र ऊसमॅनेजर, ऊसडेटा, ऊसइन्फो, ऊसहेल्पर अशी रांगच लागलीय. सगळी लायब्ररीच उसाची असताना प्रत्येक नावापुढे ऊस लावून काय मिळतं? ‘ऊस’ टाइप केलं की सगळीच्या सगळी यादी समोर येते आणि निवडायला काहीच मदत होत नाही. वेगळेपणा सांगणारा शब्द आधी यायला हवा. निम्म्या नावांवर मी पेन्सिलीनं काट मारली.

सकाळी ९

बारामतीत भिगवण रस्त्यावरच्या आमच्या ऑफिसात आम्ही तिघं. धाकटा सहकारी इथेच इंजिनिअर झालेला, हुशार, आणि वाद घालायला अजिबात न बिचकणारा. नावांच्या कामाला असाच माणूस लागतो.

“ताई, ऊसमॅनेजर राहू दे की. सगळीकडे मॅनेजर असतातच.”

“बरं. तो करतो काय, ते एका वाक्यात सांग.”

त्यानं सांगायला सुरुवात केली. नोंद तपासतो, आणि तोडणीचा क्रम लावतो, आणि पावती तयार करतो. दुसरं ‘आणि’ आलं तसा तोच थांबला. मॅनेजर, हेल्पर, प्रोसेसर ही नावं अशी फसवी असतात. त्यांच्यात काहीही बसतं, म्हणून हळूहळू सगळंच जाऊन बसतं. नाव ढिलं ठेवलं की क्लासही ढिला होत जातो. दहा वाजेपर्यंत मॅनेजरचे तीन क्लास झाले: नोंदतपासणी, तोडणीक्रम, पावती. कोड जवळपास तेवढाच राहिला, पण आता तिन्ही नावं आपापलं काम सांगतात.

सकाळी १०.१५

आता क्षेत्र. आजच्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम माझ्या लेखी हेच.

आमच्याकडे क्षेत्र नावाचा एक क्लास होता. त्याला एक दशांश संख्या द्यायची, की झालं. नाव सुटसुटीत, मराठी, कुणालाही कळेल असं. पण त्याला १.२० दिलं तर किती जमीन झाली?

सातबारावर १.२० लिहिलेलं असेल तर ते एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर. तोच आकडा शेतकऱ्यानं वहीत लिहिलेला असेल तर एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर, कारण एकराचे गुंठे चाळीस. आणि तोच आकडा बारामतीत किंवा पुण्यात बसलेल्या प्रोग्रामरनं वाचला तर एक पूर्णांक दोन दशांश एकर, म्हणजे एक एकर आठ गुंठे. एकरी ४० टन धरले, तर एकाच आकड्यातून कुठे ४८ टन, कुठे ६० टन, कुठे ११८ टनांच्या वर ऊस उभा राहतो. या अंदाजावर ऊसतोडीच्या टोळ्या ठरतात, वाहनं ठरतात, कारखाना किती दिवस चालेल ते ठरतं. आकडा तिन्ही वेळा बरोबरच आहे. माप कुठलं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

त्यात आर आणि गुंठा बोलण्यात सर्रास एकच मानतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. चाळीस गुंठ्यांत जवळपास अर्ध्या गुंठ्याचा फरक पडतो. बांधावरच्या गप्पांत तो चालून जातो, हजारो नोंदींच्या बेरजेत नाही.

म्हणून क्षेत्र हे नाव आम्ही काढलं आणि दोन क्लास ठेवले, हेक्टरआर आणि एकरगुंठे. दोन्हींना एक दशांश आकडा देताच येत नाही, दोन वेगळे आकडे द्यावे लागतात. एकर १, गुंठे २०. गुंठे चाळीस किंवा त्याहून जास्त दिले तर क्लास ते घेत नाही. आतमध्ये दोघंही हिशेब चौरस मीटरमध्येच करतात, पण ते बाहेरच्या माणसाला कळायची गरज नाही. धाकट्याचा आक्षेप होता की नावं लांब झाली आणि दोनदा टाइप करावं लागतं. लागू दे. माप नावातच असलं, तर सातबाराचा आकडा एकरगुंठ्यात घालताना हात आपोआप थबकतो.

सकाळी ११.३०

नावं कुठल्या लिपीत, हा वाद जुनाच आहे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची ३ ही आवृत्ती आल्यापासून, म्हणजे २००८ पासून, क्लासचं नाव देवनागरीतही ठेवता येतं. खोडवा असं सरळ लिहिलं तरी प्रोग्राम चालतो. मला स्वतःला ते फार आवडतं. तरीही आम्ही रोमनच ठेवलं, आणि त्याचं खरं कारण ‘शेतकऱ्याचा’ या शब्दात आहे.

या ‘ऱ्या’मधला अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एक, ऱ हे अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडून. दोन, साध्या र ला हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण देऊन. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. पायथॉनला मात्र नावात ती अदृश्य खूण मंजूर नाही. तो ती ओळ नाकारतो, आणि ओळ तर निर्दोष दिसत असते. नव्या माणसाचा अख्खा दिवस त्यात जाईल. ज्या नावातली चूक डोळ्यांना दिसतच नाही, ते नाव मी दुसऱ्याच्या हातात कसं देऊ?

रोमनची अडचण वेगळी. खोडव्यातला व कोण व्ही लिहितं, कोण डब्ल्यू. म्हणून शब्दांचा एक तक्ता केला. तक्त्यात जे स्पेलिंग तेच सगळीकडे, आणि शेजारी देवनागरी शब्द आणि एका ओळीत अर्थ. जी वस्तू इथल्या शेतातली आणि कारखान्यातली आहे तिला इथलाच शब्द. जी संगणकाच्या जगातली आहे तिला तिकडे रुळलेला शब्द. खोडव्याचं इंग्रजी करत बसायचं नाही आणि डेटाबेसचं मराठीही नाही.

दुपारी १२.१५

इंदापूरकडे निघाले. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, पुढे जंक्शन, अंथुर्णे, मग निमगाव केतकी. आषाढात याच रस्त्यानं तुकोबांची पालखी जाते. आता दोन्ही बाजूंना ऊस उभा होता.

एरिक इव्हान्सनं २००३ च्या ‘डोमेन-ड्रिव्हन डिझाइन’ या पुस्तकात आग्रहानं मांडलंय की प्रोग्रामर आणि ते काम प्रत्यक्ष करणारी माणसं यांची भाषा एकच असावी आणि तेच शब्द कोडमध्येही असावेत. आम्ही सगळेच ते वाचतो, माना डोलावतो आणि ऑफिसात बसून नावं ठरवतो. ज्यांचे शब्द वापरायचे त्यांच्यासमोर यादी ठेवून ती मोठ्यानं वाचून दाखवायची, यासाठी मी चालले होते.

वाटेत नीरेचा विचार डोक्यात होता. बारामती आणि इंदापूरच्या दक्षिण अंगानं वाहत जाऊन नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते ती नदी नीरा. पुरंदर तालुक्यात नीरा गाव आहे. पाणी देणारा नीरा डावा कालवा आहे. शहाजीनगरचा कारखाना नीरा-भीमा. आणि पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून प्रसारित झालेल्या को ८६०३२ या वाणाचं नावही नीराच. बोलताना कुणाचाही घोटाळा होत नाही, कारण आधीचं वाक्य ऐकलेलं असतं. प्रोग्रामला आधीचं वाक्य नसतं. म्हणून वाणांचं दालन वेगळं, कालव्यांचं वेगळं. वाण.नीरा, कालवा.नीराडावा. नुसतं नीरा कुठेच नाही.

दुपारी १.३०

निमगाव केतकीच्या अलीकडे एका कारखान्याचं गट ऑफिस आहे. दोन खोल्या, भिंतीवर शिवारांचा नकाशा, टेबलावर नोंदवह्यांचा ढीग. शेतकी विभागात उभी हयात घालवलेले मामा माझी वाट पाहत होते. भाकरी, पिठलं आणि ठेचा खाऊन झाल्यावर यादी उघडली.

पहिल्याच पानावर मामांचं बोट थांबलं. “ताई, हा गट कुठला? आमचा का सातबाराचा?”

कारखान्याच्या भाषेत गट म्हणजे दहा-वीस गावांचा शेतकी विभाग, ज्याच्या ऑफिसात आम्ही बसलो होतो. सातबाराच्या भाषेत गट म्हणजे जमिनीचा तुकडा, १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण झाल्यावर सर्व्हे नंबरांच्या जागी आलेला गट नंबर. दोघंही आमच्या लायब्ररीत, आणि दोघांनाही गट म्हणायचा मोह होतो. मामांनीच तोडगा सुचवला. एकाला शेतकीगट म्हणा, दुसऱ्याला भूमापनगट. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्याहून मोलाची. तीन भावांचा गट नंबर एकच असतो आणि प्रत्येकाचा ऊस वेगळा. शिवाय एकच गट नंबर गावोगाव असतो. त्यामुळे गटावरून ऊस ओळखायचा नाही, प्लॉटवरून ओळखायचा.

मग लागण, खोडवा, निडवा. आमच्याकडे हे तीन क्लास होते. पहिल्यांदा लावला ती लागण, तो तुटल्यावर फुटून आला तो खोडवा, त्यानंतरचा निडवा. तीन शब्द, तीन क्लास, नावं शेतातलीच. मला वाटत होतं, इथे तरी कुणी बोट ठेवणार नाही.

मामांनी खिडकीतून पलीकडचा प्लॉट दाखवला. “तो बघा. औंदा लागण हाय. तुटली की खोडवा हुईल. रान तेच, मुळी तीच, मालक तोच. तुमच्या कंप्युटरमधी मग लागण मरती आन् खोडवा जन्माला येतो का?”

तसंच होत होतं. वस्तू एकदा एका क्लासची झाली की तिचा क्लास सहजी बदलता येत नाही, म्हणून आम्ही तोडणीनंतर लागणीची वस्तू मोडून खोडव्याची नवी वस्तू तयार करत होतो. प्लॉटचा मागचा सगळा इतिहास, माती परीक्षण, पाण्याची सोय, इकडून तिकडे हातानं उचलून ठेवायचा. त्या कोडमध्ये एवढा पसारा का होतो, हे आम्हाला कळत नव्हतं.

“मग दर वर्षी नवं काय असतं, मामा?”

“नोंद. नोंद दरसाल नव्यानं करायची. तारीख नवी, अंदाज नवा. प्लॉट हाय तिथंच हाय.”

एवढ्यात सगळं जागेवर बसलं. प्लॉट हा एक क्लास, तो टिकतो. ऊसनोंद हा दुसरा, तो दर हंगामाला नवा. लागण, खोडवा, निडवा हे क्लास नव्हेतच. नोंदीवर लिहायचं ते पीकप्रकाराचं मूल्य आहे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू हा लागणीचा हंगामही तसाच. तीन नेमकी नावं होती, तरी ती ज्याला दिली होती ती वस्तूच वेगळी नव्हती. शब्द आहे म्हणून क्लास हवाच असं नाही, ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकातून इतकी लख्ख कळली नसती.

दुपारी ३.३०

चहा झाला. काट्यावर काम केलेला एक जण येऊन बसला आणि उतारा या शब्दावर अडला. सातबाराचा उतारा, साखरेचा उतारा की एकरी उतारा? साखरेच्या उताऱ्यावर तर उसाचा दर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. इथे संदिग्ध शब्द ठेवणं म्हणजे शेतकऱ्याच्या पैशाशी खेळ. सातबारा, साखरउतारा, एकरीउत्पादन अशी तीन नावं केली. एकटा उतारा बाद.

वाणांच्या बाबतीत मामांनी वहीतली एक ओळ दाखवली: २६५. शेतकरी असंच म्हणतात, दोनशे पासष्ट. पण वाण आहे को एम ०२६५. सुरुवातीचे दोन अंक सालाचे, ०२ म्हणजे २००२. आमच्या क्लासचं नाव होतं वाणक्रमांक. क्रमांक म्हटलं की पुढचा प्रोग्रामर तो संख्या म्हणून साठवणार, आणि संख्येच्या सुरुवातीचं शून्य टिकत नाही. वाणसंकेत म्हटलं तर तो अक्षरांसारखा साठवेल. एका शब्दानं शून्य वाचतं.

संध्याकाळी ५.३०

परत ऑफिसात. तारखांचं काम लवकर उरकलं, कारण यात आमच्या आधी बऱ्याच जणांनी ठेच खाल्लीय. जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेच्या पहिल्या आवृत्तीत, १९९६ मध्ये, डेट नावाचा क्लास आला. नाव तारखेचं, पण आत साठवलेला असतो एक नेमका क्षण, मिलिसेकंदांत मोजलेला. महिने शून्यापासून, वर्षं १९०० पासून मोजायची ती वेगळीच. २०१४ मध्ये जावा ८ नं नुसत्या तारखेला लोकलडेट आणि क्षणाला इन्स्टंट अशी वेगळी नावं दिली, तेव्हा कुठे तो गोंधळ निवळला.

आमच्या कामात हा फरक शेतापर्यंत पोचतो. १५ जुलैची आडसाली लागण क्षण म्हणून मध्यरात्री बाराची साठवली, तर जागतिक वेळेत ती १४ जुलै संध्याकाळचे साडेसहा होते. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर लागतो, आणि पाळी मागेपुढे झाली तर शेतकऱ्याला उत्तर द्यावं लागतं ते मामांसारख्या माणसाला. म्हणून लागणतारीख या नावाच्या क्लासमध्ये वेळ ठेवायला जागाच नाही. काट्यावर गाडी आली ती मात्र काटावेळ, तिला मिनिट-सेकंद हवेतच.

नावं नेमकी हवीत याचं आणखी एक कारण इथे जवळच आहे. माळेगाव खुर्दच्या शारदानगरमध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग उभा केलाय. मातीतले सेन्सर, उपग्रहाची चित्रं, हवामान केंद्र, सगळं एका शेताच्या माहितीत जमा होतं. अशी माहिती उद्या आमच्यासारख्या लायब्ररीतून जाऊ लागली, तर प्लॉट, क्षेत्र आणि तारीख यांचा अर्थ नावातूनच पक्का व्हायला हवा. यंत्र मामांना विचारायला जाणार नाही.

संध्याकाळी ७

शेवटचं नाव राहिलं होतं, आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. टोळीच्या क्लासमध्ये मजूरसंख्या असा रकाना होता, आणि त्यात आम्ही कोयते भरत होतो. वीस कोयते असतील तर मजूरसंख्या वीस.

ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. वीस कोयत्यांच्या टोळीत चाळीस माणसं पहाटे थंडीत फडात उतरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते, आणि कागदावर बहुतेक वेळा एकट्या नवऱ्याचं नाव असतं. आमच्या रकान्यानं त्या वीस बायकांना गाळलं होतं. विमा, नोंदणी, मुलांची शाळा, जे काही उद्या या आकड्यावर मोजलं जाईल, त्यात त्या नसत्या.

धाकटा म्हणाला, “ताई, कारखाने मोजतात कोयत्यानंच. ते बदलून कसं चालेल?”

बदलायचं नाहीच. कोयता हा शब्द कामाचा आहे, आगाऊ दिली जाणारी उचल त्याच्यावर ठरते, मुकादम त्याच हिशेबानं बोलतो. तो ठेवायचा, पण तो माणूस नव्हे हे क्लासमधून कळायला हवं. म्हणून तोडणीकामगार हा स्वतंत्र क्लास केला. प्रत्येकाचं नाव, वय, गाव वेगळं, बाईचंही. कोयता या क्लासला एक किंवा दोन तोडणीकामगार जोडल्याशिवाय तो तयारच होत नाही. टोळीला विचारलं तर ती कोयतेही सांगते आणि माणसंही, दोन वेगळ्या नावांनी.

मजूरसंख्या हे जुनं नाव १.० मध्ये राहील, कारण ०.९ वापरणारे आहेत. ते वापरलं की पडद्यावर सूचना येईल: याऐवजी कोयतासंख्या किंवा कामगारसंख्या यांतलं तुम्हाला हवं ते निवडा. पुढच्या मोठ्या आवृत्तीत ते काढून टाकू. पावणेआठला तक्त्यात शेवटची ओळ भरली, मामांना फोनवर तोडणीकामगार हे नाव वाचून दाखवलं आणि त्यांनी “बरोबर हाय” म्हटल्यावर आवृत्ती बाहेर सोडली.